मालाडचा दगड आणि जॉर्ज विटेट

रमजानचा महिना अर्धा सरला की उपनगरांतून एक रात्रफेरी सुरू होते. तरावीहची नमाज आटोपली की अंधेरी, बोरिवलीकडची मंडळी पश्चिम रेल्वेने आणि मुलुंड, घाटकोपरकडची मध्य रेल्वेने मोहम्मद अली रोड गाठतात. सोबत इमारतीतले हिंदू, जैन, ख्रिस्ती शेजारीही असतात. मालपुवा, फिरनी झाली की कुणीतरी म्हणतेच, आता गेटवेला जाऊ, समुद्राचे वारे खाऊ. मग वाटेत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा जीपीओचा घुमट दिसतो, काळा घोड्याच्या पुढे वस्तुसंग्रहालयाचा घुमट दिसतो आणि शेवटी गेटवे ऑफ इंडियाची कमान समोर येते. या तिन्ही वास्तूंवर एकाच माणसाचे श्रम खर्ची पडले आहेत. त्यांचे नाव जॉर्ज विटेट. शहर ज्यांच्या वास्तूंचे फोटो काढते, त्यांचे नाव मात्र फारसे कुणाच्या ओठांवर नसते.

विटेट यांचा जन्म १८७८ चा, स्कॉटलंडमधल्या ब्लेअर अथॉल या डोंगराळ भागातल्या गावचा. पर्थ गावी त्यांनी वास्तुकलेचे धडे घेतले, एडिंबरा आणि यॉर्क येथे काम केले. १९०४ मध्ये, पंचविशीत असताना, ते मुंबईला आले आणि मुंबई सरकारचे सल्लागार वास्तुविशारद जॉन बेग यांचे सहायक झाले.

त्या वेळी मुंबईच्या सरकारी इमारतींवर गॉथिक शैलीचा अंमल होता. टोकदार कमानी, उंच मनोरे, युरोपातल्या चर्चसारखी धाटणी. बोरीबंदरचे स्टेशन याच काळाचे देणे. बेग आणि विटेट यांनी वेगळी वाट धरली. या देशात बांधायचे तर इथल्या कारागिरांनी शतकानुशतके जे उभारले, ते आधी पाहावे, असा त्यांच्या कामाचा रोख होता. जीपीओ हे त्याचे पहिले मोठे उदाहरण. आराखडा बेग यांचा, देखरेख विटेट यांची. काम १९०४ मध्ये सुरू झाले आणि १९१३ मध्ये संपले. घुमट घेतला विजापूरच्या गोल घुमटावरून, म्हणजे सुलतान मुहम्मद आदिलशहाच्या कबरीवरून. गंमत अशी की, गोल घुमटाचा शिल्पकार म्हणून याकूत दाभोळी याचे नाव घेतले जाते. हे दाभोळ आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले. म्हणजे कोकणातल्या माणसाची कल्पना विजापूरला गेली आणि अडीचशे वर्षांनी पुन्हा मुंबईच्या किनाऱ्याला लागली.

बेग पुढे भारत सरकारच्या सेवेत गेले आणि त्यांची मुंबईतली जागा विटेट यांना मिळाली. १९०५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते मुंबईत एका वस्तुसंग्रहालयाची कोनशिला बसली होती. १९०९ मध्ये त्यासाठी खुली स्पर्धा झाली आणि विटेट यांचा आराखडा निवडला गेला. ही वास्तू जरा निवांत पाहावी. घुमट आणि आतल्या कमानी दख्खनच्या सुलतानी परंपरेतल्या, विजापूर आणि गोवळकोंड्याची आठवण देणाऱ्या. बाहेर आलेले सज्जे मोगल महालांसारखे. मधल्या दालनातले खांब जैन धाटणीचे. आणि वर मान केली की दिसते ते कोरीव लाकडी काम एका जुन्या मराठा वाड्यातून आणून इथे बसवलेले. इतक्या घरांतले सामान एका छताखाली आले, तरी कुठेच उसनवारी वाटत नाही. घर एकाच कुटुंबाचे वाटते.

इमारत १९१४ मध्ये तयार झाली आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटले. वस्तूंऐवजी तिथे खाटा लागल्या, सैनिकांचे इस्पितळ सुरू झाले. लोकांसाठी संग्रहालय उघडले ते थेट जानेवारी १९२२ मध्ये. आज ते छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखले जाते.

आता आपल्या उपनगरांकडे वळू. या वास्तूंचा दगड आला कुठून? जीपीओला कुर्ल्याचा पिवळा दगड लागला. संग्रहालयाच्या भिंतींना कुर्ल्याचा करडा आणि मालाडचा पिवळसर दगड लागला. गेटवेला लागला खारोडीचा पिवळा बेसॉल्ट. खारोडी म्हणजे मालाडहून मार्वेकडे जाताना लागणारे आपले खारोडी. ज्या काळात मालाड हे भातशेतीचे आणि टेकड्यांचे गाव होते, त्या काळात तिथले पाथरवट सुतकी, छिन्नी घेऊन दगड फोडत होते. मुंबईचे वैभव म्हणून आपण जे पाहतो, ते उपनगरांच्या पोटातून निघालेले आहे. ते दगड फोडणाऱ्यांची आणि घडवणाऱ्यांची नावे मात्र कोणत्याच कोनशिलेवर नाहीत.

गेटवेची हकिकत तर आणखी बोलकी आहे. १९०५ मध्ये संग्रहालयाची कोनशिला बसवणारा राजपुत्र डिसेंबर १९११ मध्ये बादशहा पंचम जॉर्ज होऊन राणी मेरीसह अपोलो बंदरावर उतरला. त्या आगमनाची आठवण म्हणून ही कमान. पण बादशहा आला तेव्हा तिथे तात्पुरत्या देखाव्यापलीकडे काहीच नव्हते. विटेट यांच्या आराखड्याला मंजुरी मिळाली १९१४ मध्ये. आधी समुद्र मागे हटवून भराव घालावा लागला, बंदराची भिंत बांधावी लागली, त्यातच १९१९ उजाडले. कमानीचे रूप विटेट यांनी सोळाव्या शतकातल्या गुजरातच्या वास्तुकलेतून घेतले. ही गुजरातची कला मुळात दोन हातांची आहे. कमान मुसलमानी परंपरेची, नक्षीकाम हिंदू आणि जैन मंदिरांच्या कारागिरांच्या हातचे. अहमदाबादच्या मशिदी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना गेटवेच्या दगडी जाळ्या परक्या वाटणार नाहीत. मधल्या घुमटाचा व्यास ४८ फूट, उंची ८३ फूट. खर्च आला २१ लाख रुपये. ४ डिसेंबर १९२४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या हस्ते उद्घाटन झाले. समोरून सरळ येणारा रुंद रस्ताही योजला होता, पण पैसे संपले. म्हणून आजही गेटवे रस्त्याला किंचित तिरका उभा दिसतो.

जे दार एका बादशहाच्या स्वागतासाठी बांधले, त्याच दारातून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची पलटण मायदेशी गेली. ते पाहायला विटेट हयात नव्हते.

१९१७ मध्ये भारतातल्या वास्तुविशारदांच्या संस्थेचे पहिले अध्यक्षपद त्यांना मिळाले होते. पुढे सरकारी नोकरी सोडून ते टाटांच्या कंपनीत गेले, बॉम्बे हाउस उभारले. बॅलार्ड इस्टेटच्या आखणीतही त्यांचा हात होता. पण माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम परळला आहे. केईएम इस्पितळ आणि शेजारचे वाडिया प्रसूतिगृह यांचे आराखडे त्यांचेच. दोन्ही १९२६ मध्ये सुरू झाली. केईएमसोबतच्या वैद्यकीय महाविद्यालयाला शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या इस्टेटीतून पैसा मिळाला, आणि शिकवणारे भारतीयच असावेत, अशी अट त्या देणगीला होती. प्रसूतिगृहामागे पारशी वाडिया घराण्याची देणगी होती. हिंदू शेठजींचे धन, पारशी घराण्याचे दान, स्कॉटिश माणसाचे आरेखन आणि रांगेत उभे राहणारे रुग्ण सगळ्या जातिधर्मांचे. उपनगरांतली किती घरे अशी असतील, ज्यांचा कुणी ना कुणी तिथे बरा झाला किंवा तिथेच जन्मला.

त्याच १९२६ मध्ये विटेट आमांशाच्या दुखण्याने मुंबईतच वारले. रुग्णांसाठी भिंती आखणाऱ्याला तेव्हाची वैद्यकी वाचवू शकली नाही. वयाची पन्नाशीही त्यांनी पाहिली नाही. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांना मूठमाती मिळाली. ते स्कॉटलंडला परतले नाहीत; कायमचे मुंबईकर झाले.

माणूस गेल्यानंतरही ज्याचा फायदा लोकांना मिळत राहतो, अशा सत्कर्माला आम्ही सदका-ए-जारिया म्हणतो. विहीर, सावलीचे झाड, मुसाफिरखाना, दवाखाना ही त्याची उदाहरणे. शब्द आमचा असला तरी भावना प्रत्येक धर्मात आहे. विटेट यांच्या जगण्यातून मला दिसते ते एवढेच, की परका माणूस इथे हुकूम चालवायला आला नाही, आधी विद्यार्थी झाला. विजापूरची कबर, गुजरातची मशीद, मराठा वाडा, जैन खांब, हे सारे त्याने नम्रपणे पाहिले आणि कुणालाही वगळले नाही. रोजाही माणसाला हीच नम्रता शिकवतो.

तेव्हा या वेळी फिरनी खाऊन गेटवेला गेलात, तर मुलांना त्या भिंतीला हात लावायला सांगा. हा आपल्या मालाडचा दगड आहे, असे सांगा. आणि तो फोडणाऱ्या अनामिक पाथरवटांसाठी, त्याला रूप देणाऱ्या विटेट यांच्यासाठी आपापल्या पद्धतीने एक दुवा मागा.