डग्लस अ‍ॅडम्स आणि त्याचा रखडलेला चित्रपट

आवडत्या पुस्तकावर चित्रपट निघाला की प्रेक्षकांत हमखास दोन तट पडतात. 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी' या विनोदी विज्ञानकथेचा चित्रपट एप्रिल २००५ मध्ये पडद्यावर आला, तेव्हाही हेच घडले. जुने चाहते चिडले, नवे प्रेक्षक खूश झाले. मी स्वतः चित्रपट आधी पाहिला आणि कादंबरी नंतर वाचली. त्यामुळे दोन्ही बाजूंचे म्हणणे मला पटते. पण या वादाचा निवाडा ज्याने करायचा, तो लेखक चार वर्षांपूर्वीच निघून गेला होता. त्याचे चरित्र पाहिल्याशिवाय हा वाद उलगडत नाही.

डग्लस अ‍ॅडम्सचा जन्म ११ मार्च १९५२ रोजी केंब्रिजला झाला. शिक्षणही पुढे तिथल्याच सेंट जॉन्स कॉलेजात, इंग्रजी वाङ्मय घेऊन. सहा फूट पाच इंच उंचीच्या या तरुणाचा ओढा वर्गापेक्षा विद्यापीठाच्या 'फूटलाइट्स' या नाट्यमंडळाकडे अधिक होता. १९७१ मध्ये तो वाटेत भेटेल त्या वाहनाला हात करीत युरोपभर भटकला. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक गावी एका शेतात तारे पाहत पडलेला असताना, असा प्रवास आकाशगंगेतही करता यावा ही कल्पना आपल्याला सुचली, असे तो सांगत असे.

त्या कल्पनेची नभोनाट्यमालिका ८ मार्च १९७८ रोजी बी.बी.सी. रेडिओवरून सुरू झाली. वेळ रात्री साडेदहाची, म्हणजे बहुतेकांच्या निजेची. तरीही कर्णोपकर्णी तिची कीर्ती पसरली. आर्थर डेंट या साध्या इंग्रज माणसाचे घर रस्त्यासाठी पाडायला माणसे येतात आणि त्याच दिवशी अंतराळातील हमरस्त्यासाठी सारी पृथ्वीच पाडली जाते! सरकारी कारभाराची याहून मोठी थट्टा मी तरी वाचलेली नाही. १९७९ मध्ये कादंबरी आली, १९८१ मध्ये दूरदर्शन मालिका आणि १९८४ मध्ये संगणकावरचा खेळ. दर वेळी अ‍ॅडम्सने कथा बदलली. प्रसंग गाळले, नवे घातले, शेवटही फिरवला.

लिहिणे मात्र त्याला जड जाई. मुदती टळत राहत. मालिकेतील चौथे पुस्तक लिहून घेण्यासाठी, मूळचे भारतीय असलेले प्रकाशक सनी मेहता यांना त्याच्याबरोबर हॉटेलात मुक्काम ठोकावा लागला होता. विनाशाच्या काठावरील प्राण्यांच्या शोधात मात्र तो हौसेने मादागास्करपासून न्यूझीलंडपर्यंत हिंडला आणि त्यावर १९९० मध्ये एक सुंदर पुस्तक लिहिले.

चित्रपटाचे घोडे सर्वांत जास्त अडले. १९८०च्या दशकाच्या आरंभी हॉलिवूडने हक्क घेतले, मसुदे झाले, पण त्या निर्मात्यांनी पुढे 'घोस्टबस्टर्स' काढला. अखेर डिस्नेशी करार झाला. १९९९ मध्ये तो सहकुटुंब कॅलिफोर्नियाला राहायला गेला. तिथेच ११ मे २००१ रोजी व्यायामशाळेत हृदयविकाराचा झटका येऊन त्याचा अंत झाला. वय अवघे एकोणपन्नास. जवळजवळ वीस वर्षे ज्याची वाट पाहिली, तो चित्रपट त्याने पाहिला नाही.

मसुदा दुसऱ्या पटकथाकाराने पुरा केला आणि गार्थ जेनिंग्जने दिग्दर्शन केले. नभोनाट्य तोंडपाठ असलेल्यांना विनोद अर्ध्यावर तोडल्यासारखे वाटले. आर्थर आणि ट्रिलियनची प्रेमकथा त्यांना रुचली नाही. ज्यांनी काहीच ऐकले-वाचले नव्हते त्यांना मार्टिन फ्रीमनचा भांबावलेला आर्थर आणि अ‍ॅलन रिकमनच्या आवाजातला रडका यंत्रमानव भावला. गंमत अशी, की ज्या हुम्मा कावुला या पात्रावर अनेकांनी उपरी भर म्हणून बोट ठेवले, ते खुद्द अ‍ॅडम्सनेच चित्रपटासाठी नव्याने रचले होते.

मला वाटते, चाहत्यांचे दुःख खोटे नव्हते; त्याचे मूळ माध्यमात आहे. झेफॉडला दोन डोकी आहेत, हे रेडिओवर एका वाक्यात सांगून भागले. दूरदर्शनवर त्यासाठी यांत्रिक डोके बसवावे लागले आणि ते बहुधा निर्जीवच दिसे. चित्रपटात ते पहिल्या डोक्याखाली दडवावे लागले. श्रोत्याने मनात रंगवलेल्या डोक्याशी यांपैकी कोण टिकणार?

चित्रपटाच्या अखेरीस तो डग्लसला अर्पण केलेला आहे. लंडनच्या हायगेट स्मशानभूमीत त्याच्या थडग्यापाशी चाहते आजही पेने ठेवून जातात. आपण स्नेहसंमेलनात एखाद्या कथेची एकांकिका करतो, तेव्हा मूळ कथेशी इमान राखण्याची चर्चा होते, आणि ती व्हावीच. पण इमान म्हणजे प्रत्येक वाक्य जपणे नव्हे, हे अ‍ॅडम्सने स्वतःच्याच कथेची पुनःपुन्हा मोडतोड करून दाखवले. त्याच्या चाहत्यांना जपायची होती ती त्याची कथा. त्याला मात्र ती सतत नव्याने सांगायची होती.