तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे : रेव्हरंड ना. वा. टिळक

मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांना रेव्हरंड टिळक भेटतात ते ‘केवढे हे क्रौर्य’ या कवितेतून. पारध्याच्या बाणाने घायाळ होऊनही पिलांसाठी घरट्याकडे धावणारी ती पक्षीण अनेकांना आयुष्यभर आठवते. तिचा कवी हा ख्रिस्ती धर्मोपदेशक होता, हे मात्र पुष्कळदा विस्मरणात जाते. वस्तुतः ईश्वराचे प्रेम हे आईच्या प्रेमासारखे अखंड असते, हाच त्यांच्या उपदेशाचा आणि काव्याचा गाभा होता.

नारायण वामन टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. आई लवकर गेली आणि वडिलांशी फारसे जमले नाही. नाशिकला त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. पुढे शिक्षकी, कीर्तने, पुराणे, शीघ्रकाव्य असे नाना उद्योग करीत ते गावोगाव फिरत राहिले.

1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका परदेशी मिशनऱ्याशी त्यांची गाठ पडली. त्याने ‘नवा करार’ त्यांच्या हाती ठेवला आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. पुस्तक उघडले ते चिकित्सेसाठी; पण डोंगरावरील प्रवचनापाशी टिळक थबकले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. पतीच्या धर्मांतराची वार्ता त्यांच्यावर वज्राघातासारखी कोसळली. लहानग्या दत्तूला घेऊन त्या पंढरपुरास नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, अशी ती वर्षे होती. अखंड प्रेमाचा संदेश सांगू निघालेल्या माणसाच्या घरातच प्रेमाचा धागा तुटण्याच्या बेतात आला होता. टिळकांच्या चरित्रातील ही विसंगती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्यांचे भक्त ती झाकतात आणि विरोधक तेवढीच दाखवतात.

काही वर्षांनी लक्ष्मीबाई अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) पतीकडे आल्या, पण आपला धर्म सोडून नव्हे. त्यांचे सोवळे, त्यांची चूल, त्यांचे पाणी सारे वेगळे. टिळकांनी सक्ती केली नाही. मिशनच्या वातावरणात ही गोष्ट सोपी नव्हती, आणि स्वभावाने शीघ्रकोपी व उतावीळ असलेल्या टिळकांना तर मुळीच नव्हती. जातिभेद देवाने केलेला नाही, हे लक्ष्मीबाईंना पुढे आपल्याच विचाराने पटले आणि 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्मोपदेशक म्हणून टिळकांना मिळालेला सर्वांत मोठा धडा हाच असावा : माणूस ओढून आणता येत नाही, त्याची वाट पाहावी लागते.

अमेरिकन मराठी मिशनच्या नगर येथील धर्मशिक्षण विद्यालयात ते शिकवत. 1904 मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पुढे ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले. परंतु त्यांचे खरे व्यासपीठ कीर्तन आणि भजन हे होते. इंग्रजी चालींवर बेतलेल्या उपासनागीतांनी मराठी मन हलणार नाही, हे त्यांनी जाणले आणि अभंग-ओवीत शेकडो गीते रचली. ज्ञानोबा-तुकोबांनी विठ्ठलाला माउली म्हटले. टिळकांनी ख्रिस्ताला त्याच नात्याने हाक मारली. तुकोबांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते सांगत. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत ही गीते आजही गायिली जातात.

त्यांच्या घराचे दारही सताड उघडे असे. हाती आलेला पैसा दुसऱ्याच्या गरजेला जाई आणि संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. बालकवी ठोंबरे याच घरात मुलासारखे राहिले. त्यांनी ख्रिस्ती व्हावे, अशी अट कोणी घातली नाही.

1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्तीने ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे सर्वच ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, ही त्यामागची कल्पना. मिशनऱ्यांपैकी अनेकांना ती पचणे कठीण होते. टिळक मात्र परदेशी साच्यातील ख्रिस्ती धर्माला कंटाळले होते. दरबार नीट उभा राहण्याआधीच 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहाचे दफन न करता दहन करण्यात आले आणि अस्थी नगरला नेण्यात आल्या.

ख्रिस्ताचे ओवीबद्ध चरित्र ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. टिळकांचे जेमतेम सुरुवातीचे अध्याय झाले होते. पुढचे अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. त्याच हातांनी ‘स्मृतिचित्रे’ही लिहिली आणि त्यांत पतीचा एकही दोष लपवला नाही.