सुभेदार रामजी सकपाळ : सरकारी खर्चाने घडलेला हेडमास्तर

दरवर्षी २ फेब्रुवारी येते आणि जाते. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचा हा स्मृतिदिन. एखाद्या बुद्धविहारात फोटोला हार घातला जातो, चार माणसे जमतात, आणि बाबासाहेबांचे वडील एवढ्या एका ओळखीवर भाषण आटोपते. मुलाच्या नावाने बापाची ओळख व्हावी यात गैर काही नाही. असा मुलगा हजारो वर्षांत एखाद्यालाच लाभतो. पण रामजीबाबांना त्यांची स्वतःची एक ओळख होती आणि ती आपण विसरत चाललो आहोत. ते मास्तर होते! नुसते चार अक्षरे शिकवणारे नव्हेत, तर अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण घेतलेले आणि चौदा वर्षे लष्करी शाळेचे हेडमास्तरपद सांभाळलेले मास्तर.

ज्या काळात गावच्या शाळेच्या ओट्यावर महाराच्या पोराला उभे केले जात नव्हते, त्या काळात एक महार माणूस हेडमास्तर झाला कसा? त्याला मास्तरकी कोणी शिकवली? आणि मुख्य म्हणजे, त्याचा खर्च कोणाच्या तिजोरीतून झाला? कुठल्या दानशूर शेठजीने तो केलेला नाही. तो सरकारने केला.

रामजीबाबांचा जन्म १८४८ सालचा. त्याच वर्षी पुण्यात भिडे वाड्यात जोतीरावांनी मुलींची शाळा काढली. सकपाळांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातले आंबडवे. वडील मालोजी फौजेत होते. कोकणातल्या महारांना त्या काळी गावकीच्या जोखडातून सुटायची एकच पक्की वाट होती, ती म्हणजे पलटण. मुंबई इलाख्याच्या फौजेत महारांनी पिढ्यान् पिढ्या चाकरी केली. भीमा कोरेगावचा स्तंभ त्याची साक्ष देतो. रामजींची सासुरवाडीही फौजेतलीच. भीमाबाईंचे वडील मुरबाडचे धर्मा मुरबाडकर हे सुभेदार-मेजर होते आणि त्यांचे भाऊही लष्करात हुद्द्यावर होते.

या फौजेत एक नियम होता, आणि आजच्या लेखाचा सारा भार त्या नियमावर आहे. कंपनी सरकारच्या काळापासून हिंदी शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना शिक्षण सक्तीचे होते. मुलांना आणि मुलींनाही! मुलांसाठी दिवसाच्या शाळा, मोठ्यांसाठी रात्रीच्या. शाळा म्हटल्या की मास्तर आले. पलटणीच्या शाळेत शिकवायला बाहेरचा पंतोजी आणायचा तर तो महारांच्या पोरांना शिवणार नाही, पाटी हातात घेऊन तपासणार नाही. मग फौजेने सरळ हिशेब केला. शिपायांमधलीच हुशार माणसे निवडली आणि त्यांना मास्तर बनवले. त्यासाठी पुण्यात लष्कराची नॉर्मल स्कूल होती. नॉर्मल स्कूल म्हणजे शिक्षकांना तयार करणारी शाळा, पुढच्या काळातले अध्यापक विद्यालय. रामजींनी तिथे शिक्षण घेतले, दाखला मिळवला आणि ते मास्तर झाले. पुढे हेडमास्तर आणि सुभेदार. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत त्यांचे चौदावे अपत्य जन्माला आले, तेव्हा ते या हुद्द्यावर होते.

इंग्रजांनी हे काही दयाबुद्धीने केले नाही, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे. त्यांना हुकूम वाचणारा, हजेरीपट लिहिणारा, हिशेब ठेवणारा शिपाई हवा होता. पण हेतू काहीही असो, परिणाम काय झाला ते पाहा. शिक्षणाने या माणसांची नजर बदलली. आपल्याला नीच मानले जाते ते नशिबामुळे नव्हे, हा आपल्यावर मारलेला शिक्का आहे आणि तो मारणारे हात कोणाचे आहेत, हे त्यांना कळू लागले. लष्करी शिक्षणाचे हेच मोल बाबासाहेबांनी पुढे सांगितले.

आता याच सरकारचा दुसरा चेहरा पाहू. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने काय ठरवावे? न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे हे मान्य केले, पण एकासाठी शाळा बाकीच्यांना निरुपयोगी करता येणार नाही म्हणून हात वर केले. म्हणजे लष्कर खात्यात महाराच्या पोराला न शिकवणे हा नियमभंग, आणि विद्याखात्यात त्याला शिकवणे ही अडचण! फरक कशाचा होता? पलटणीच्या शाळेत शिकवणारा त्यांच्यातलाच होता. धारवाडच्या शाळेत तो नव्हता.

नेमकी हीच गोष्ट क्रांतिबा जोतीरावांनी ओळखली होती. १८६९ साली त्यांनी विद्याखात्यातल्या ब्राह्मण पंतोजींवर पवाडा रचला. आणि १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले, त्यात तर सगळा आराखडाच मांडला. सरकारच्या महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरचे वर्ग घेतात, हे त्यांनी सरकारला सुनावले. खेड्यापाड्यातले बहुतेक सारे शिक्षक ब्राह्मण आहेत, ते सोवळ्याओवळ्यामुळे लोकांपासून अंग चोरून राहतात, तेव्हा शक्य तितके शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करा अशी त्यांची मागणी होती. गरज पडली तर नांगराची मूठ धरायला किंवा सुताराचा वाकस हातात घ्यायला ज्याला लाज वाटणार नाही असा मास्तर त्यांना हवा होता. त्याच्या प्रशिक्षणात नेहमीच्या विषयांबरोबर शेतीचे आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असावे. बिनप्रशिक्षित मास्तर अगदीच लायक असतील तेवढे ठेवून बाकीचे बदलावेत. पगार १२ रुपयांच्या खाली नसावा, मोठ्या गावांत १५ ते २० असावा. शिवाय गावचे हिशेब तपासणे, दस्त नोंदणे, टपाल सांभाळणे असली कामेही त्याच्याकडे द्यावीत, म्हणजे गावात त्याला वजन येईल. आणि या साऱ्यासाठी लोकल फंडाचा निदान अर्धा वाटा प्राथमिक शिक्षणाला मिळावा. गोड शब्दांत मागणी करून जोतीराव थांबले नाहीत, पैसा कुठून येईल तेही त्यांनी दाखवून दिले.

रामजीबाबांना जोतीरावांबद्दल मोठा आदर होता, असे चरित्रकार धनंजय कीर नोंदवतात. तो असणारच. जोतीराव जे सरकारकडे मागत होते त्याचा एक लहानसा, लष्कराच्या कुंपणातला का होईना, जिवंत नमुना रामजी स्वतः होते. विद्याखात्याने तो नमुना गावोगाव नेला नाही. उलट जो होता तोही मोडीत निघाला.

१८९२ च्या सुमारास सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. अमुक जाती लढवय्या आणि तमुक जाती लढवय्या नाहीत, असे नवे शास्त्र गोऱ्या अधिकाऱ्यांनी काढले आणि ज्यांच्या बळावर पेशवाई बुडवली त्यांनाच दार दाखवले. हा अन्याय रामजीबाबांनी मुकाट्याने सोसला नाही. न्यायमूर्ती रानड्यांच्या मदतीने त्यांनी सरकारकडे अर्ज केला. तिकडे दापोलीहून गोपाळबाबा वलंगकरांचीही खटपट चालू होती. दोघांनाही यश आले नाही. भरतीबंदीची चर्चा आपण नेहमी नोकरीच्या अंगाने करतो. पण तिच्यामुळे आणखी एक वाट बुजली. महाराच्या पोराने पलटणीच्या शाळेत शिकावे, पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये जावे आणि मास्तर होऊन बाहेर पडावे, ही ती वाट. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली महारांची १११ वी पलटण उभारली गेली आणि काम झाल्यावर मोडली गेली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडले. मधल्या पिढ्यांत किती रामजी घडायचे राहिले, याचा हिशेब कोण देणार?

आणि स्वतंत्र भारतात तरी काय झाले? शिक्षक तयार करण्याचा खर्च ही सरकारची जबाबदारी, हे तत्त्व आपल्या डोळ्यांदेखत पातळ होत गेले. खाजगी डी.एड. कॉलेजांचे पीक आले, गरिबाच्या घरातली पोरे शेत विकून, मंगळसूत्र गहाण ठेवून फी भरू लागली. सन २००० पासून महाराष्ट्रात शिक्षण सेवक योजना आली, म्हणजे प्रशिक्षित मास्तरने तीन वर्षे पगाराऐवजी मानधनावर राबायचे. प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला तेव्हा महिन्याला ३००० रुपये ठरले. ते १६००० व्हायला २०२३ साल उजाडले. मास्तरला गावात वजन यावे म्हणून चांगला पगार मागणारे जोतीराव आमच्या प्रत्येक सरकारी कचेरीत फोटोच्या रूपाने टांगलेले आहेत!

असो. रामजीबाबांच्या आयुष्याकडे परत येऊ.

बाबासाहेब दोन-तीन वर्षांचे असताना ते निवृत्त झाले आणि कुटुंब दापोलीला आले. पुढे साताऱ्याला नोकरी मिळाली. तिथेच १८९६ साली भीमाबाई गेल्या. चौदा लेकरांपैकी बाळाराम, आनंदराव, भीमराव हे तीन मुलगे आणि मंजुळा, तुळसा या दोन मुली तेवढ्या हाताशी उरल्या होत्या. आत्या मीराबाईंनी या पोरक्या लेकरांना पंखाखाली घेतले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावाचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलात दाखल झाले. हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पण त्या दिवसामागची वेदना लक्षात घ्या. बाप चौदा वर्षे सरकारी शाळेचा हेडमास्तर, आणि त्याचा मुलगा सरकारी शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसतो. तहान लागली तर नळाला हात लावता येत नाही, शिपायाने नळ सोडला तरच पाणी. रामजीबाबांना हे कळत नव्हते असे थोडेच आहे! पण मुलाला शाळेतून काढावे असे त्यांना कधी वाटले नाही.

जे शाळेत मिळत नव्हते ते त्यांनी घरी दिले. लष्करी शाळेतली मास्तरकी आता घरातल्या घरात सुरू झाली. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांच्या भाषांतरमाला त्यांनी मुलाकडून घोटून घेतल्या. नेमका शब्द हुडकायला लावला. गणित स्वतः शिकवले. ते कबीरपंथी होते, पहाटे आणि रात्री घरात भजन होई, दारूचा थेंब घरात येत नसे. मुलांना खेळाचीही आवड लागावी असे त्यांना वाटे. बाबासाहेबांची इंग्रजीवरची हुकमत पाहून जग थक्क झाले, पण तिचा पाया पुण्याच्या नॉर्मल स्कूलमधून आलेल्या मास्तरने घातला होता, हे कोलंबिया आणि लंडनचा गौरव करताना आपल्या वक्त्यांच्या ध्यानात राहत नाही.

१९०४ साली बिऱ्हाड मुंबईत आले. परळच्या डबक चाळीत एकच खोली. चूल तिथेच, सरपण तिथेच, माणसे तिथेच, दाराशी शेळी. भीमराव रात्री लवकर झोपे. रामजीबाबा दोन वाजेपर्यंत जागे राहत, मग मुलाला उठवून अभ्यासाला बसवत आणि त्याने मोकळ्या केलेल्या जागेवर आडवे होत. पुस्तकांची मुलाला भूक होती आणि पेन्शन तुटपुंजी. मुलाने पुस्तक मागितले की हा म्हातारा सुभेदार आधी धाकट्या लेकीच्या घरी जाई. तिच्याकडे नसले तर थोरलीकडे. रोख पैसे नसले तर तिचा एखादा दागिना मागून घेई, तो मारवाड्याकडे ठेवी, पुस्तक आणी, आणि पेन्शन हाती आली की दागिना सोडवून लेकीला परत करी. एकेकाळी सरकारच्या तिजोरीने केलेला खर्च आता दोन लेकींच्या अंगावरचे दागिने करत होते. मंजुळा आणि तुळसा यांच्यावर आपल्या चळवळीने एखादा अंक काढल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला. सत्काराच्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी त्याला बुद्धाचे चरित्र भेट दिले. केळुसकरही पेशाने मास्तरच. पुढच्या शिक्षणाला रामजीबाबांची पेन्शन पुरी पडेना तेव्हा केळुसकरांच्या खटपटीने सयाजीराव गायकवाडांची महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. बडोदा संस्थानाच्या खजिन्याने हा भार उचलला आणि भीमराव बी.ए. झाला.

१९१३ च्या जानेवारीत बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. मुलाने तिथे जाऊ नये असे वडिलांना वाटत होते. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. बाबासाहेब निघाले. सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी घरी पोचले तेव्हा रामजीबाबांचे डोळे दाराकडे लागलेले होते. त्यांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला. तो दिवस २ फेब्रुवारी १९१३. त्याच वर्षी जुलैत भीमराव बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला पोचला. दहा वर्षांनी लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा त्याचा ग्रंथ छापला गेला तेव्हा त्याने तो आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केला.