फिरोज गांधी : जनतेच्या पैशाचा हिशेब मागणारे खासदार

नवी दिल्ली, 8 सप्टेंबर : सत्ताधारी पक्षात राहूनही सरकारला जाब विचारणारे संसदपटू फिरोज गांधी यांचा आज स्मृतिदिन. 12 सप्टेंबर 1912 रोजी मुंबईत जन्मलेल्या फिरोज यांनी स्वातंत्र्यलढ्यात कारावास भोगला. 1952 मध्ये ते रायबरेलीतून लोकसभेवर निवडून आले.

1955 मध्ये त्यांनी खासगी विमा कंपन्यांतील गैरव्यवहार सभागृहात मांडले. पुढील वर्षी आयुर्विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले. मात्र नव्या आयुर्विमा महामंडळाने विमाधारकांच्या पैशातून, गुंतवणूक समितीला डावलून, उद्योजक हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे समभाग घेतले. सासरे जवाहरलाल नेहरू पंतप्रधान असतानाही डिसेंबर 1957 मध्ये फिरोज यांनी या व्यवहाराचा पुराव्यांसह पंचनामा केला. न्यायमूर्ती एम. सी. छागला यांची चौकशी मुंबईत जनतेसमक्ष चालली. फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला.

संसदेचे कामकाज वृत्तपत्रांना निर्भयपणे छापता यावे, यासाठीचा 1956 चा कायदाही त्यांच्याच खासगी विधेयकातून आला. 8 सप्टेंबर 1960 रोजी दिल्लीत त्यांचे हृदयविकाराने निधन झाले. संस्थांवरील विश्वास टिकवायचा तर त्यांचा हिशेब उघडपणे मागावा लागतो, हा त्यांच्या संसदीय कारकिर्दीचा वारसा होय.