अठरा इंचांचा किंगकाँग

किंगकाँग सर्वांना ठाऊक. त्याला चालविणारा अमेरिकन विलिस ओब्रायन (१८८६–१९६२) मात्र फारसा कुणाला आठवत नाही. संगमरवराच्या कारखान्यात नोकरीस असताना त्याने गंमत म्हणून मातीचे छोटे मुष्टियोद्धे घडविले. त्याच छंदातून पुढे १९३३ चा चित्रपट उभा राहिला. पडद्यावरचा तो अजस्र वानर म्हणजे बहुतेक दृश्यांत १८ इंचांची बाहुली! धातूचा सांगाडा, रबर आणि वरून सशाची कातडी; ती घडविली मार्सेल देल्गादोने. ओब्रायन तिला केसभर हलवी, एक चित्र घेई, पुन्हा हलवी. सेकंदाला अशी २४ चित्रे. हाताळताना केस विस्कटत, म्हणून काँगची लव पडद्यावर सळसळते. कुंभाराच्या घरात वाढलेल्या मला तेथे त्याची बोटेच दिसतात. त्याच वर्षी विभक्त पत्नीने त्याच्या दोन्ही मुलांना गोळ्या घातल्या. तरी हात थांबले नाहीत. 'मायटी जो यंग' (१९४९) करताना रे हॅरीहाउसेन हा तरुण त्याच्या हाताखाली ही कला शिकत होता.