सासवण्याची भिंत

शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. नोकरीच्या निमित्ताने तीस वर्षं मी तिथून ये-जा केली. पत्ता सांगताना त्या पुतळ्याची खूण सांगितली. पण तो घडवला कोणी, हे कधी विचारलं नाही. गेल्या वर्षी आपली सहल अलिबागला गेली आणि वाटेत सासवण्याचं करमरकर शिल्पालय पाहिलं, तेव्हा कळलं.

विनायक पांडुरंग करमरकर, म्हणजेच नानासाहेब, १८९१ साली सासवण्यातच जन्मले. समुद्रकाठचं लहानसं गाव, आणि या मुलाला चित्रांचा भारी नाद. त्याने देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराज रेखाटले. कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस ते चित्र पडलं. कोणी काढलं, याची त्यांनी चौकशी केली आणि मुलाची मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायची सोय केली. पुढे नानासाहेबांनी कलकत्त्यात काम केलं, लंडनला जाऊनही शिकून आले.

पुण्यातल्या पुतळ्याचा संकल्प राजर्षी शाहू महाराजांचा. १९२१ साली पायाभरणी झाली, पण पुढच्याच वर्षी महाराज गेले. राजाराम महाराजांनी काम तडीस नेलं. साडेतेरा फुटी पुतळा, तोही अखंड ओतायचा! जरा चूक झाली की सगळी मेहनत पाण्यात. मुंबईत माझगावला ओतकाम झालं, पुतळा रेल्वेने पुण्याला आला आणि जून १९२८ मध्ये अनावरण झालं. आजही शिवजयंतीला माणसं तिथे जमतात. भिंतीवरचे महाराज असे साऱ्या शहराचे झाले.

नानासाहेबांना पुढे पद्मश्री मिळाली. १९६७ साली ते वारले. पण त्यांच्या घरी गेलं की थोरामोठ्यांच्या पुतळ्यांइतकीच साधी माणसं भेटतात. कोळीण आहे, अंगणात सिमेंटची म्हैस आहे. आपल्यातल्या दोघी-तिघी तर तिला खरी समजून बिचकल्याच!

त्या म्हशीपाशी आपल्या बी विंगमधला एक मुलगा बराच वेळ उभा होता. त्याला पाहून मी मात्र खाली मान घातली. सहा वर्षांपूर्वी, मी सेक्रेटरी असताना, त्याने पंपरूमच्या भिंतीवर कोळशाने आपल्या गेटवरचा कुत्रा काढला होता. झोपलेला, एक कान वर. मी नोटीस काढली, दोनशे रुपये दंड लावला आणि भिंतीला चुना मारून घेतला. त्याच्या वडिलांनी चकार शब्द न काढता पैसे भरले. मुलाने पुन्हा आपल्या आवारात काही काढलेलं मला दिसलं नाही. नियमाने मी चुकलो नव्हतो. पण कुत्रा हुबेहूब होता, हे मला तेव्हाही दिसलं होतं आणि मी ते कोणाला बोललो नाही.

सहलीहून परतताना बसमध्ये मी त्याला तेवढं सांगितलं. तो नुसता हसला.

येत्या सर्वसाधारण सभेत मी एक ठराव मांडणार आहे. पंपरूमची मागची भिंत मुलांसाठी मोकळी ठेवावी. कोणाची हरकत असेल तर सभेत जरूर बोलावं. रंगांचा पहिला खर्च माझा, निदान दोनशे रुपये तरी माझ्याकडून येणं आहेच.

सर्व सभासदांना रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा!