विनोबा आणि चंबळचे बागी

आचार्य विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कोकणातील गागोदे या खेड्यात झाला. भूदानासाठी देशभर पायी हिंडलेले विनोबा सर्वांस परिचित आहेत. परंतु आम्हां ग्वाल्हेरकरांना त्यांचे आणखी एक कार्य आठवते.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात स्वतः बंदिवान असताना त्यांनी सहबंद्यांपुढे गीतेवर प्रवचने केली. साने गुरुजींनी ती लिहून घेतली. बंदिवासातील मनुष्य त्यांनी असा जवळून पाहिला होता.

मे १९६० मध्ये ते भिंड-मोरेन्याच्या दऱ्याखोऱ्यांतून निःशस्त्र फिरले आणि २० बागींनी त्यांच्या चरणी बंदुका ठेवल्या. शिक्षा माफ होईल, असे आमिष त्यांनी दाखविले नाही. काही पोलीस अधिकाऱ्यांनी या मार्गावर टीका केली. पीडितांच्या दुःखाचे काय, हा प्रश्न आम्हांसही क्षुल्लक वाटत नाही. तथापि पेरलेले बीज वाया गेले नाही. १९७२ साली जौरा येथे जयप्रकाश नारायण यांच्या प्रयत्नांनी मोठे समर्पण घडले आणि १९७३ साली मुंगावलीस अशा बंद्यांसाठी खुला तुरुंग निघाला.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे विनोबा निवर्तले. शिक्षा न्यायालय देते; परंतु शिक्षा भोगून आलेल्यास पुन्हा माणसांत घेणे गावाच्याच हाती असते, हे आपण विसरू नये.